कोटीत एक

रायपूर स्टेशनाच्या पुढच्या दारानं बाहेर पडलं की शहर लागतं, मागच्या दारानं बाहेर पडलं की गुढियारी. मुंबई-हावडा लोहमार्गाच्या पलीकडचा हा भाग रायपुरात आणि आसपासच्या खेड्यांत ओळखला जातो तो घाऊक बाजारामुळे. तांदूळ, डाळी, गूळ, तेलाचे डबे, कांदे-बटाटे, मिरची, हळद, सगळं इथं पोत्यांच्या हिशेबात विकलं जातं. दिवाळीच्या तोंडावर तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. हमालांच्या पाठीवरून पोती उतरत असतात, टेम्पो मागे घेणाऱ्यांचा आरडाओरडा चाललेला असतो, आणि गादीवर बसलेला दुकानदार त्या गलक्यात निवांतपणे माल पारखत असतो.

पारखायचं त्याचं हत्यार म्हणजे परखी. टोकाला अणकुचीदार आणि मधून पोकळ अशी ही लोखंडी नळी. पोत्याची शिवण न उसवता ती तागाच्या विणीतून आत खुपसायची, किंचित तिरकी करायची आणि बाहेर ओढायची. पोत्याच्या पोटातले मूठभर दाणे तळहातावर येतात. तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो किती सुकलाय ते पाहतात. हळकुंड मोडताना ते कसं तुटतं आणि आतला रंग कसा आहे, यावर भाव ठरतो. हळदीची पूड चिमटीत घेऊन चोळतात आणि नाकाशी नेतात. ‘‘रंग फारच चढलेला दिसला की मी आधी संशय घेतो,’’ एक जुने व्यापारी सांगत होते. डोळा, नाक, दात आणि बोटं एवढ्या भांडवलावर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या लाखोंचा माल उचलत आली आहेत आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज चुकत नाही.

पण काही गोष्टी या चौघांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मेटॅनिल यलो हा कापड-कागदासाठीचा कृत्रिम रंग हळदीत मिसळला जातो. अन्नात तो वापरायला आपल्याकडे बंदी आहे. लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं पिवळं रंगद्रव्य, त्याहून घातक. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. सरकार आणि संशोधक दोघेही हात धुऊन मागे लागले, तेव्हा २०२१पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. तांदळाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. भातावरच्या करपा रोगावर ट्रायसायक्लाझोल नावाचं बुरशीनाशक मारतात. युरोपीय संघानं त्याच्या अवशेषाची मर्यादा एका किलोला १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि आपल्या बासमतीच्या निर्यातदारांची झोप उडाली. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. छत्तीसगड भाताचं कोठार म्हणवतं. त्या कोठाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या व्यापाऱ्याला दहा कोटींतला तो एक भाग कोणत्या नाकानं कळावा?

ते सांगू शकणारा एक प्रकाश आहे. तो आपल्या देशात सापडला, आपल्या माणसाचं नाव त्याला लागलं, आणि तो इतका क्षीण आहे की जवळपास अर्धं शतक तो प्रयोगशाळांतच अडकून राहिला. त्याला बळ कसं मिळालं आणि ते बळ गुढियारीपर्यंत का पोचलेलं नाही, हे मला या लेखात सांगायचं आहे.

चंद्रशेखर वेंकट रामन १९१० साली नागपुरात होते. प्राध्यापक म्हणून नव्हे, सरकारच्या वित्त खात्यातले हिशेब-अधिकारी म्हणून. १९०७ साली ते नोकरीला लागले ते कलकत्त्यात, १९०९ साली त्यांची बदली रंगूनला झाली, तिथून नागपूर आणि १९११ साली परत कलकत्ता. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी आणि रायपूर त्याच प्रांतातला एक जिल्हा. आम्हा रायपूरच्या मराठी माणसांचं नागपूरशी नातं भोसल्यांच्या काळापासूनचं. कुणाचं आजोळ तिथं, कुणाचं सासर, आणि १९५६पर्यंत तर सरकारी कागदही तिकडूनच यायचे. त्यामुळे आपल्या प्रांताच्या हिशेबवह्यांवर काही महिने रामन यांची नजर फिरली होती, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं. नोकरी सांभाळून, सकाळी आणि संध्याकाळी प्रयोग करण्याची सवय त्यांनी याच वर्षांत लावून घेतली. १९१७ साली मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले.

पुढचा भाग शाळकरी मुलांनाही पाठ असतो. २८ फेब्रुवारी १९२८, कलकत्त्यातली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था, रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन. पण पाठ असलेल्या या गोष्टीत सगळ्यांत अवघड भाग निसटतो. एखाद्या पदार्थावर एका रंगाचा प्रकाश पाडला की तो सगळीकडे विखुरतो. विखुरलेल्या प्रकाशाचा रंग मूळचाच असतो, जवळजवळ सगळ्या प्रकाशकणांचा. एक कोटी कणांमागे एखादाच असा निघतो की जो रेणूशी देवघेव करून येतो. रेणू स्थिर नसतो. त्याचे अणू एकमेकांना धरून सतत थरथरत असतात. तो एखादा प्रकाशकण आपल्या ऊर्जेतला चिमूटभर भाग त्या थरथरीला देतो, किंवा तिच्याकडून घेतो, आणि रंग किंचित बदलून बाहेर पडतो. किती बदलला यावरून ती थरथर कोणाची हे कळतं. दोन वेगळे रेणू अगदी सारखे थरथरत नाहीत. रामन विकिरणाची सगळी किमया एवढीच आहे आणि अडचणही तीच: साक्षीदार खरा, पण कोटीत एक.

त्या एकाला पकडण्यासाठी रामन यांनी दुर्बिणीचं सात इंची भिंग लावून सूर्यप्रकाश एकवटला, नंतर पाऱ्याचा दिवा आणला, आणि फोटोच्या काचेवर रेषा उमटायला तासन्‌तास वाट पाहिली. पाऊण लिटर बेन्झिन असेल तर हे जमतं, कारण रेणू अगणित असतात. पण तपासायचा पदार्थ काही नॅनोमीटर जाडीचा असेल, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापाचा, किंवा दहा कोटींत एक या प्रमाणात लपलेला असेल, तर मुळात रेणूच मूठभर आणि त्यात साक्षीदार कोटीत एक. १९६० नंतर लेसर आला आणि दिवा लाखपटींनी सुधारला, तरी हे गणित सुटलं नाही.

सुटलं ते वेगळ्याच वाटेनं. त्या वाटेची पहिली खूण त्याच वर्षी, १९२८ सालीच उमटली होती आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. डब्लिनमध्ये एडवर्ड हचिन्सन सिंज नावाचा एकांडा माणूस राहत होता. नाटककार जे. एम. सिंज यांचा तो पुतण्या. कुठल्या विद्यापीठात नाही, प्रयोगशाळेत नाही. त्यानं एप्रिल १९२८मध्ये आइन्स्टाइनना पत्र लिहिलं. प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेचा होता. १८७३ साली एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिलं होतं की भिंग कितीही उत्तम असलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान गोष्टी त्यातून सुट्या दिसत नाहीत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मर्यादा दोनशे नॅनोमीटरच्या आसपास. सिंजचं म्हणणं असं की ही मर्यादा भिंगाच्या दूरपणाची आहे. तरंगलांबीहून खूप लहान असा प्रकाशाचा ठिपका तयार करा आणि तो वस्तूच्या अगदी अंगाला नेऊन भिडवा, मग आबेची अट लागू पडत नाही. कल्पना बरोबर वाटते पण सुचवलेला मार्ग चालेलसं दिसत नाही, असं आइन्स्टाइननी कळवलं. सिंजनं मार्ग बदलून त्याच वर्षी निबंध छापला. १९३२ साली त्यानं असंही सुचवलं की एवढी बारीक हालचाल करायला विजेच्या दाबानं आकसणारे-फुगणारे स्फटिक वापरावेत. आजची यंत्रं नेमकं तेच करतात. सिंजला ते पाहायला मिळालं नाही. १९३६पासून तो मनोरुग्णालयात होता आणि १९५७ साली वारला. विज्ञानाच्या इतिहासातल्या मला माहीत असलेल्या सगळ्यांत एकाकी माणसांपैकी तो एक आहे, आणि त्याचं नाव आपल्या मुलांनी रामन यांच्या नावासोबत ऐकायला हवं.

सिंज काय सांगत होता ते नीट समजून घ्यायला हवं. पृष्ठभागावर प्रकाश पडला की तिथून जे किरण निघतात ते आपल्या डोळ्यापर्यंत, दुर्बिणीपर्यंत, ताऱ्यांपर्यंतही जाऊ शकतात. हे झालं दूर-क्षेत्र. पण त्याच पृष्ठभागाला चिकटून विद्युतक्षेत्राचा आणखी एक थर असतो. तो कुठंच जात नाही. काही नॅनोमीटर अंतरात तो विरून जातो. वस्तूची बारीक नक्षी या थरात असते आणि दूर उभ्या असलेल्याला ती कधीच कळत नाही. हे निकट-क्षेत्र. आणि पृष्ठभाग चांदीचा किंवा सोन्याचा असेल, त्यातही तो कणाकणांचा किंवा टोकदार असेल, तर या थरात फार मोठी उलथापालथ होते. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर सगळे मिळून झुलायला लागतात. यालाच प्लाझ्मॉन म्हणतात. टोकाशी आणि दोन कणांमधल्या फटीत हा झुला इतका दाटतो की तिथलं विद्युतक्षेत्र बाहेरून आलेल्या प्रकाशापेक्षा दहा, तीस, कधी शंभर पट तीव्र होतं.

आता हिशेब पाहा. त्या फटीत एखादा रेणू सापडला तर त्याच्यावर पडणारा प्रकाश क्षेत्राच्या वर्गानं वाढतो. आणि रेणूकडून जो बदललेला प्रकाश निघतो, त्यालाही तोच धातू बाहेर फेकायला मदत करतो, म्हणजे पुन्हा एकदा वर्ग. दोन्ही मिळून चौथा घात. क्षेत्र दहापट झालं तर रामन संकेत दहा हजारपट, तीसपट झालं तर आठ लाखपट, शंभरपट झालं तर दहा कोटीपट. कोटीत एक असलेला साक्षीदार इथं अचानक जमावानं बोलू लागतो. किंमत मात्र चोख मोजावी लागते. वीस नॅनोमीटर व्यासाच्या कणापासून रेणू फक्त दहा नॅनोमीटर दूर सरकला तर त्या वाढलेल्या संकेताचा हजारावा हिस्साही हाती लागत नाही.

हे सगळं आधी कुणी गणितानं मांडून मग करून पाहिलेलं नाही. १९७४ साली साउदॅम्प्टनमध्ये मार्टिन फ्लाइशमन आणि सहकारी चांदीच्या विद्युतअग्रावर चिकटलेल्या पिरिडिनचा रामन संकेत पाहत होते. अग्र खरबरीत केलं की संकेत अनपेक्षितपणे ठळक येई. त्यांना वाटलं, खरबरीतपणामुळे पृष्ठभाग वाढला, रेणू जास्त चिकटले, संकेत वाढला. १९७७ साली अमेरिकेत रिचर्ड व्हान डाइन आणि डेव्हिड जीनमेर यांनी रेणू मोजले आणि दाखवलं की वाढ लाख ते दहा लाखपटींची आहे, नुसत्या पृष्ठभागानं ती होणं शक्य नाही. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठातून अलब्रेख्त आणि क्रेटन यांनीही हेच सांगितलं. पुढच्या वर्षी मार्टिन मॉस्कोव्हिट्स यांनी बोट ठेवलं ते प्लाझ्मॉनवर. १९९७पर्यंत एकेकट्या रेणूचा रामन वर्णपट नोंदवल्याचे दावे दोन वेगवेगळ्या गटांकडून आले. धातूच्या पृष्ठभागाच्या मदतीनं रामन संकेत वाढवण्याच्या या पद्धतीला (सरफेस-एनहान्स्ड रामन स्कॅटरिंग) सगळे जण ‘सर्स’ म्हणतात.

सर्समध्ये एक उणीव राहिली. चांदीच्या कणांमधल्या फटी असतील तिथं असतात; आपल्याला हव्या त्या जागी संकेत वाढवता येत नाही. सिंजचा भिडणारा ठिपका इथं उपयोगी आला. १९८१ साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत सूचीचं टोक अणूच्या अंतरावरून फिरवणारा सूक्ष्मदर्शक तयार झाला. १९८५ साली जॉन वेसेल यांनी लिहून ठेवलं की तसल्या टोकावर धातूचा एकच कण बसवला तर सर्सची ताकद आणि सूचीची नेमकी जागा दोन्ही एकत्र येतील. २००० साली ते झालं, आणि एकाच वेळी झुरिक, ओसाका अशा वेगवेगळ्या ठिकाणी झालं. गुढियारीचा व्यापारी परखीनं जे करतो तेच हे टोक करतं: पोतं न उसवता नेमक्या जागी शिरायचं आणि आतलं बाहेर आणून दाखवायचं. फरक एवढाच की परखी दाणे आणते आणि हे टोक फक्त प्रकाश आणतं, रेणू जागेवरच राहतो.

कार्बनच्या नॅनोनळ्यांवर याचा खरा कस लागला. पेन्सिलीतला ग्रॅफाइट, ग्रॅफीन, नॅनोनळ्या, सगळा कार्बनच, पण रामन वर्णपटात प्रत्येकाची ओळख वेगळी. अणूंची षट्कोनी जाळी नीट असेल तर १५८० दर सेंटिमीटरजवळ (प्रकाशाचा रंग किती बदलला ते या एककात मोजतात) रेषा येते. जाळीत दोष असला की १३५०च्या आसपास आणखी एक रेषा उगवते. साध्या रामन सूक्ष्मदर्शकात सगळ्या नळीचा सरासरी वर्णपट मिळतो आणि दोष आहे एवढंच कळतं. २००३ साली टोकाच्या पद्धतीनं एकेका नळीचे नकाशे सुमारे २५ नॅनोमीटर बारकाव्यानं निघाले, म्हणजे आबेच्या मर्यादेच्या कितीतरी आत. २०१३ साली चीनमधल्या हफेई इथल्या गटानं चांदीवर पहुडलेल्या एका पॉर्फिरिन रेणूच्या आतली रचना एका नॅनोमीटरहून कमी बारकाव्यानं टिपली. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथं एका रेणूची वेगवेगळी थरथर, कोणता भाग कसा हलतो हे दाखवणारी, चित्रांसारखी उमटली. रामन यांनी ज्या थरथरीचा निव्वळ परिणाम पाहिला होता, ती थरथर ९१ वर्षांनी जागेवर दिसली. त्या आकृत्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी बराच वेळ पान उलटू शकलो नाही.

महाराष्ट्रातही या क्षेत्रात मोलाचं काम झालं आहे, आणि मराठी वाचकांपर्यंत ते पोचलेलं नाही याची खंत वाटते. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं सोन्याचे सपाट, त्रिकोणी नॅनोस्फटिक बनवले. बनवले ते गवती चहापासून. आपल्या परसातला, पावसाळ्यात आल्याबरोबर उकळतो तोच गवती चहा. त्याच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला की आधी गोल कण बनतात आणि मग ते एकमेकांत मिसळून पातळ त्रिकोण तयार होतात. शिवशंकर, अखिलेश राय, बालाप्रसाद अंकमवार, अमित सिंह, अबसार अहमद आणि शास्त्री यांचा हा निबंध ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आला. त्रिकोणाला तीन टोकदार कोपरे असतात आणि निकट-क्षेत्र कोपऱ्यांशीच दाटतं. म्हणून आकारावर ताबा मिळवणं या शास्त्रात फार मोलाचं ठरतं. पुण्याच्याच आयसर या संस्थेत जी. व्ही. पवनकुमार यांचा गट चांदीच्या नॅनोतारांवर काम करतो: तारेच्या एका टोकाला प्रकाश द्यायचा, तो प्लाझ्मॉनच्या रूपात तारेवरून सरकत जाईल आणि दुसरीकडच्या रेणूंचा रामन संकेत घेता येईल, रेणूंवर थेट लेसर न पाडता. सुलभा कुलकर्णी यांनी पुणे विद्यापीठात नॅनोकणांवर दीर्घ काळ केलेलं काम आणि लिहिलेलं पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना वाट दाखवत आलं आहे.

आता पुन्हा गुढियारी.

टोकाची पद्धत इथं येणार नाही. टोक आणि पदार्थ यांच्यातलं अंतर एक-दोन नॅनोमीटरवर रोखून धरावं लागतं. हफेईचे आणि अर्व्हाइनचे प्रयोग निर्वात कोठडीत, कडाक्याच्या थंडीत झाले. इथं पाचशे पावलांवरून कोळशाच्या लांबलचक मालगाड्या जातात आणि दुकानाच्या फळीवरचे तराजू हलतात. शिवाय टोक चांदीचं असेल तर ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडतं आणि निकामी होतं. गुढियारीच्या उत्तरेला बीरगाव, उरला, पुढे सिलतरा हा कारखान्यांचा पट्टा आहे, तिथल्या हवेत चांदी किती दिवस टिकेल हा प्रश्नच आहे. नॅनोमीटरचे विक्रम प्रयोगशाळेतच होत राहणार आणि व्हायलाही हवेत. बाजारासाठी उपयोगाची आहे ती जुनी बहीण, सर्स: कागदाच्या पट्टीवर चांदीचे कण, त्यावर नमुन्याचा थेंब, आणि हातात धरण्याजोगं रामन यंत्र.

हे स्वप्नरंजन नाही. २०१० साली चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या तियान चोंगछुन यांच्या गटानं सोन्याच्या कणांवर सिलिकाचं अतिशय पातळ कवच चढवलं आणि असे कण संत्र्याच्या सालीवर पसरून सालीवरचं पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखून दाखवलं. कवचामुळे कण सालीच्या रसायनांनी बिघडत नाहीत आणि निकट-क्षेत्र मात्र कवचातून बाहेर पोचतं. थायरम, ट्रायसायक्लाझोल यांसारखी गंधक असलेली द्रव्यं चांदीला आपणहून चिकटतात, म्हणून त्यांचा संकेत चांगला मिळतो.

हळदीच्या बाबतीत सर्सचा एक खास फायदा आहे. हळदीतलं कर्क्युमिन हिरव्या-निळ्या प्रकाशात स्वतःच चमकू लागतं आणि त्या चमकेत रामन रेषा पार बुडून जातात. हळदीची पूड तपासू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास ठाऊक आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी म्हणून अवरक्त लेसर वापरला आणि मेटॅनिल यलो सुमारे १ टक्क्यापर्यंत ओळखलं. धातूच्या पृष्ठभागाला चिकटलेला रेणू मात्र आपली चमक बरीचशी धातूलाच देऊन टाकतो. चमक विझते आणि रामन रेषा उरतात, वाढूनच उरतात. टक्क्याच्या खालची भेसळ पकडायची असेल तर हा मार्ग डोळ्यांआड करून चालणार नाही.

मग हे यंत्र गुढियारीच्या गादीवर का नाही? यंत्राची किंमत लाखांत आहे, हे एक कारण. पण एवढंच असतं तर व्यापारी संघांनी मिळून एखादं घेतलं असतं. खरा अडसर पट्टीत आहे. २००८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डाना डलॉट आणि सहकाऱ्यांनी सर्सच्या एका पृष्ठभागावरच्या जागा त्यांच्या ताकदीप्रमाणे मोजल्या. दहा लाख रेणूंपैकी फक्त ६३ रेणू सर्वांत तेज जागांवर बसले होते, आणि एकूण संकेतातला २४ टक्के हिस्सा त्या ६३ रेणूंचा होता. उलट ६१ टक्के रेणू इतक्या मंद जागांवर होते की त्यांचा वाटा फक्त ४ टक्के. म्हणजे थेंब पट्टीवर कुठे पडतो, त्यातले रेणू कोणत्या फटीत जातात, यावर आकडा ठरतो. एकाच हळदीच्या दोन पट्ट्या दोन वेगळे आकडे देऊ शकतात. युरोपातल्या पंधरा प्रयोगशाळांनी एकच द्रव्य एकाच वेळी मोजून पाहिलं तेव्हाही निकाल सगळीकडे सारखे आले नाहीत. शिवाय निकट-क्षेत्राचा आवाका दोन-चार नॅनोमीटरचा. हळदीतलं तेल, तांदळातला स्टार्च, प्रथिनं ही सगळी आधी धावत जाऊन चांदीवर बसतात आणि ज्याला शोधायचं तो रेणू बाहेर ताटकळतो.

व्यापारात भाव ठरतो तो वजनावर आणि विश्वासावर. एखादं यंत्र आज माल चांगला म्हणालं आणि त्याच पोत्याला उद्या वाईट म्हणालं, तर गुढियारीत त्याला कुणी दारात उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे. म्हणून माझं ठाम मत झालं आहे की या शास्त्रापुढचा आजचा सगळ्यांत मोठा प्रश्न एकाच रेणूचं चित्र काढण्याचा राहिलेला नाही. हजार पट्ट्यांवर हजार वेळा एकच उत्तर मिळवण्याचा आहे. तो प्रश्न कमी प्रतिष्ठेचा समजला जातो. एकरेणूच्या चित्राला मोठ्या नियतकालिकाचं मुखपृष्ठ मिळतं. पट्टीची सातत्य-चाचणी बिचारी कुठल्या तरी कोपऱ्यात छापून येते. पण गरज कोणाला आहे हे पाहिलं तर क्रम उलटा हवा.

आणि तो प्रश्न सोडवायला लागणारी माणसं दूर नाहीत. रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग चांदी-सोन्याच्या नॅनोकणांवर काम करत आला आहे. २०२१ साली या विभागातून आलेल्या एका निबंधात साध्या इंकजेट छपाईनं कागदावर चांदीचे कण छापून, रंगातला बदल मोबाइलच्या कॅमेऱ्यानं वाचून पाण्यातला पारा मोजला आहे. ते रामन विकिरण नव्हे, पण इलेक्ट्रॉनांचा झुला तोच, चांदी तीच आणि कागदही तोच. छपाईनं कण एकसारखे बसवता आले, तर पट्टीच्या दुखण्यावरचा एक उपाय इथूनच निघू शकतो.

आज एखाद्या हळदीवर संशय आला तर हाती काय आहे? हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून रंग गुलाबी होतो का ते पाहायचं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची फिरती प्रयोगशाळा आली तर तिथं नमुना द्यायचा. नाहीतर सरकारी प्रयोगशाळेत पाठवून अहवालाची वाट पाहायची. अहवाल येईपर्यंत पोती बस्तर, जशपूर, कांकेरच्या दुकानांत पोचलेली असतात आणि डब्यांतून चुलीवर गेलेली असतात. व्यापाऱ्यालाही हे नको असतं. भेसळ बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कडीत झालेली असते, आणि खटला मात्र त्याच्या दुकानाच्या पाटीवर चालतो. सांगली, निजामाबाद, इरोड इथून आलेल्या मालात काय आहे हे पोतं उतरवतानाच कळलं, तर ते परत पाठवायचं बळ त्याला मिळेल.

त्यासाठी अगदी ठोस अशी चार कामं करावी लागतील. पट्ट्या रायपूरच्या हवेत ठेवून पाहाव्या लागतील, मे महिन्याच्या ४५ अंशांत आणि श्रावणातल्या दमट गोदामात, कारण परदेशातल्या वातानुकूलित खोलीत वर्षभर टिकलेली चांदी इथं महिनाभर टिकेल की नाही हे दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळणार नाही. खऱ्या आणि मुद्दाम ज्ञात प्रमाणात भेसळ केलेल्या हळदीचे नमुने आंधळेपणानं, म्हणजे तपासणाऱ्याला कोणता कोणता ते न सांगता, अनेक हातांकडून तपासून घ्यावे लागतील. तेच नमुने सरकारी प्रयोगशाळेच्या मान्य पद्धतीनंही मोजावे लागतील, नाहीतर न्यायालयात या पट्टीचा काडीचाही उपयोग नाही. आणि हे सगळं व्यापाऱ्यांना सोबत घेऊन करावं लागेल, कारण नमुना कसा घ्यायचा, पोत्याच्या कोणत्या थरात भेसळ बसते, ओलसर पूड कशी वागते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. विद्यापीठापासून गुढियारीच्या बाजारापर्यंत जायला शहराच्या गर्दीतूनही फार वेळ लागत नाही.